अठरा तासांचे कौतुक, तीन तासांची अडचण

मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात वंदना आटोपली आणि आम्ही चपला शोधत होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या एक ताई जवळ आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "दादा, पोरीचा निकाल लागला. दोन विषयांत केटी. दिवसभर पुस्तक घेऊन बसते हो, मी डोळ्यांनी बघते. तरी असं कसं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिचे बाबा म्हणतात, आता पुरे झालं कॉलेज. पॅकिंगच्या कंपनीत लावून टाकतो."

मुलगी दुसऱ्या वर्षाला, कॉमर्सला आहे. घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. बारावीला चांगले गुण होते, तेव्हा महिला मंडळाने तिचा पेन आणि पुष्प देऊन सत्कार केला होता. हार घालताना आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. पण सत्कारानंतर वर्षभर ती कशी शिकते, कुठे बसते, केव्हा बसते, हे आमच्यापैकी एकानेही तिला विचारले नव्हते. हे इथेच कबूल केलेले बरे.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. माणसे पाच. आम्ही पेशाने कारकून, त्यामुळे उपदेश करण्याआधी हिशोब मांडण्याची खोड आहे. मुलीला म्हटले, "एक कागद घे. उद्या सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दर तासाला काय केलेस ते लिही. कोणाला दाखवायचे नाही, फक्त खरे लिही." तीन दिवस तिने लिहिले. चौथ्या दिवशी आम्ही दोघे तो जमाखर्च घेऊन बसलो.

पहाटे 5 ला पाणी. पाणी पाऊण तास येते, तेवढ्यात पिंप, हंडे, बादल्या भरायच्या. मग बाबांचा डबा. 6.20 ला घर सोडायचे, कारण 7.10 चे पहिले लेक्चर. कॉलेज सुटून घरी यायला पाऊण वाजतो. जेवण, भांडी, कपडे यात 2 वाजतात. 2 ते 4 पुस्तक उघडे. 4 ते 6 गल्लीतल्या सहा पोरांची शिकवणी, त्यातून तिची फी निघते. मग बाजार, स्वयंपाक. 8 ते 10 पुस्तक पुन्हा उघडे. जेवण, भांडी, आणि 11 ते 12 पुन्हा पुस्तक, अंथरुणात, मोबाईलच्या उजेडात, कारण बाबांची सकाळची पाळी आणि दिवा लावला की त्यांची झोप मोडते.

म्हणजे पुस्तक उघडे पाच तास. आईने डोळ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते.

आता त्यात अभ्यास किती, असे विचारल्यावर मुलगी आधी गप्प बसली, मग हसली, मग सांगू लागली. दुपारी अर्धा तास वाचते आणि पुस्तकावरच डोके टेकते. पहाटे 5 ला उठलेले माणूस दुसरे काय करणार? 8 ते 10 टीव्ही चालू. "काका, सिरियलची गोष्ट विचारा, सगळी सांगते." रात्री पंधरा मिनिटे वाचून होतात, तेवढ्यात मोबाईलवर काहीतरी येते आणि बोट तिकडे सरकते. एकूण बेरीज पाऊण तास. जमेच्या बाजूला पाच तास आणि रोकड पाऊण तास, अशी ही वही.

तिला किती तास लागतात? हेही आम्ही कागदावर मांडले. 2023 साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यात वर्षाचे 40 क्रेडिट आणि त्यासाठी 1200 तासांचा अभ्यास धरलेला आहे. एका सेमिस्टरला 20 क्रेडिट, 600 तास. थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गातले 15 तास, या मापाने 300 तास कॉलेजात जातात. उरलेले 300 तास विद्यार्थ्याने स्वतः करायचे, असे गृहीत आहे. सेमिस्टरचे 15 आठवडे धरले तर आठवड्याला 20 तास, रोजचे तीन तासांना थोडे कमी. ज्यांनी हा आराखडा केला त्यांना पाण्याचे पिंप आणि सिरियल ठाऊक असण्याचे कारण नाही. पण परीक्षेचा पेपर सर्वांना एकच येतो.

पाऊण तासाचे तीन तास कसे करायचे, हा प्रश्न मुलीचा एकटीचा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही, आणि हेच सांगण्यासाठी या आठवड्याचे सदर लिहायला घेतले.

आपण दरवर्षी जयंतीला बाबासाहेबांच्या अठरा तासांच्या अभ्यासाबद्दल बोलतो. ठिकठिकाणी 'अठरा तास अभ्यास' असा उपक्रमही होतो. मुले एक दिवस सलग बसतात, प्रमाणपत्र घेतात, फोटो निघतो. वाईट काही नाही. पण ज्या मुलीला तीन तास मिळत नाहीत तिच्या कानावर अठरा तास सतत पडले की तिला एवढेच वाटते, आपल्यातच काही कमी आहे. बाबासाहेबांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट मात्र आपण भाषणात क्वचित सांगतो. परळच्या एका चाळीत एकाच खोलीत संसार होता. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच अभ्यास. तेव्हा सुभेदार रामजींनी काय केले? मुलाला संध्याकाळी लवकर झोपायला लावले, स्वतः रात्री 2 वाजेपर्यंत जागे राहिले, 2 वाजता मुलाला उठवले आणि मग स्वतः आडवे झाले. सगळी चाळ झोपलेली असताना भीमराव दिव्याच्या उजेडात वाचत बसले. घरात जागा नव्हती म्हणून बापाने वेळेतून जागा काढली. आणि शाळा सुटल्यावर बाबासाहेब वाचायला कुठे जात? चर्नी रोडच्या बागेत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची आणि त्यांची ओळख झाली. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढचे सर्वांना माहीत आहे. बागेतल्या बाकावर बसायला जागा नसती तर, असा विचार आमच्या मनात कधी कधी येतो.

तर आम्ही त्या घरात ही रामजींची गोष्ट सांगितली. अठरा तासांची नाही सांगितली. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. ते एकदम म्हणाले, "भाऊ, मी आठ तास उभा असतो. घरी येऊन दोन तास टीव्ही बघायचा नाही का मी?" प्रश्न रास्त होता. राबणाऱ्या माणसाची करमणूक हिसकावून घेऊन कोणाचा अभ्यास होत नसतो, वर घरात धुसफूस वाढते. आम्ही म्हटले, टीव्ही राहू द्या, मुलीला बाहेर बसू द्या. त्यावर आई म्हणाल्या, "रात्री 10 वाजता पोरगी एकटी कशी येणार?" हाही प्रश्न खरा. मुलगा असता तर कोणी विचारले नसते, हे आमच्या मनात आले, पण त्या वेळी बोललो नाही. आता लिहितो आहोत.

अखेर ठरले ते असे. धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे, त्याने एक दिवसाआड पाणी भरायचे. (तो म्हणाला, "मला हंडा उचलता येत नाही." फुटबॉल मात्र येतो. आई हसल्या आणि हंडा त्याच्या हातात दिला.) दुपारी 2 ते 3 मुलीने गजर लावून सरळ झोपायचे, पुस्तक पुढ्यात ठेवून डुलक्या काढायच्या नाहीत. 3 ते 4 लिहिण्याचे काम. 8 ते 10 विहाराच्या सभागृहात बसायचे आणि 10 वाजता बाबांनी आणायला जायचे. जेवण सगळ्यांनी त्यानंतर एकत्र. रात्री 11 नंतर पुस्तक नाही, मोबाईल नाही, झोप.

मोबाईलचे काय, हा प्रश्न सोपा नाही. 'मोबाईल फेकून द्या' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते की आज कॉलेजच्या नोट्स मोबाईलवर येतात, वेळापत्रक मोबाईलवर, प्रोजेक्टची तारीखही मोबाईलवर. मुलीने त्यावर स्वतःच उपाय काढला. दुपारच्या तासात लागणाऱ्या नोट्स हाताने वहीत उतरवायच्या, जास्त असतील तर झेरॉक्स काढायची, आणि विहारात जाताना फोन आईच्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवून जायचे. पहिले चार दिवस हात सारखा ओढणीकडे जायचा, असे ती म्हणाली.

विहाराचे सभागृह मिळवणे मात्र टीव्हीपेक्षा अवघड गेले. आम्ही स्वतः कमिटीत आहोत, तरी तीन बैठका झाल्या. लाईट बिल कोण भरणार, किल्ली कोणाकडे, मुले-मुली एकत्र बसली तर लोक काय म्हणतील. एक सभासद म्हणाले, सभागृह साखरपुड्याला दिले तर पैसे तरी येतात. शेवटी महिला मंडळाने लाईट बिलाचा भार उचलला आणि किल्ली एका निवृत्त मावशींकडे दिली. त्या 8 ते 10 दाराशी खुर्ची टाकून वाती वळतात, त्यामुळे लोक काही म्हणत नाहीत. वर्षावासात रोज संध्याकाळी तिथे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते, ते 8 ला संपवायचे असे ठरले. आज तिथे अकरा मुले-मुली बसतात. आपल्या वस्तीत विहार असेल आणि रात्री 8 वाजता त्याला कुलूप असेल, तर ते कुलूप कशासाठी आहे हे कमिटीला एकदा जरूर विचारा.

आता आमच्याबद्दल दोन शब्द, कारण दुसऱ्याच्या घरात जाऊन शहाणपण सांगणारा माणूस स्वतः कसा शिकला हे वाचकांना कळले पाहिजे. 1999 साली आम्ही एफ. वाय. बी. कॉम. ला होतो. दुपारी 3 ते रात्री 10 एका झेरॉक्सच्या दुकानात काम करायचो. जूनमध्ये आम्ही मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारून, तीन रंगांची स्केचपेने वापरून वेळापत्रक केले. पहाटे 4 ला उठणे, 4.15 ते 6 अकाउंट्स, 6 ते 7 इकॉनॉमिक्स, अशी राजेशाही थाटाची मांडणी. ते भिंतीवर वर्षभर राहिले आणि चार दिवस पाळले गेले. पाचव्या दिवशी 4 ला जाग आली नाही, मग सगळेच बिघडले असे वाटून सहाव्या दिवसापासून काहीच केले नाही. निकाल लागला तेव्हा अकाउंट्समध्ये 31 गुण. पास व्हायला 35 लागत. आईने काही विचारले नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले.

आमच्याच चाळीत रेल्वेत कारकून असलेले एक गृहस्थ होते. ते म्हणाले, वेळापत्रक फाड. रोज एक गणित सोडव. दोन नको, पण एक चुकवायचे नाही, ताप आला तरी. आम्हाला ते फारच थोडे वाटले. पण दुकानात गिऱ्हाईक नसताना, पाठकोऱ्या झेरॉक्सच्या कागदावर आम्ही रोज एक गणित करत गेलो. ताळेबंद, घसारा, भागीदारी. अकाउंट्स वाचून येत नाही, ते हाताने लिहूनच येते, हे आम्हाला तेव्हा कळले. पुढच्या वर्षी 35 चा आकडा ओलांडला आणि बराच पुढे गेला. त्या गृहस्थांना आम्ही पेढे दिले तर ते म्हणाले, "आजचे गणित झाले का?"

वाचण्याबद्दलही असेच आहे. आपली मुले धडा चार वेळा वाचतात, पिवळ्या पेनाने रंगवतात आणि झाला अभ्यास म्हणतात. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचला, मिटला आणि आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवत होते. आठवड्याने विचारले तर उलटे झाले, लिहून काढणारे पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून पुस्तक मिटून लिहिण्याला वेळ द्यावा. मुलगी दुपारच्या 3 ते 4 मध्ये आता हेच करते. सकाळच्या लेक्चरमधले काय आठवते ते आधी लिहायचे, मग नोट्स उघडून गाळलेल्या जागा भरायच्या. याला डोळ्यांवर झोप येत नाही, हा आणखी एक फायदा.

एक तक्रार आमची आमच्याविरुद्धच आहे. 14 एप्रिलची जयंती आणि विद्यापीठाच्या परीक्षा या दोन्ही गोष्टी साधारण एकाच हंगामात येतात. 6 डिसेंबरचेही तसेच, तेव्हा हिवाळी परीक्षा नुकतीच झालेली किंवा चालू असते. आणि वर्गणी, पताका, स्टेज, पाण्याचे स्टॉल, गाण्याची तालीम या सगळ्याला हात कोणाचे लागतात? कॉलेजच्या मुलांचे. "अरे, बाबासाहेबांसाठी दोन तास देता येत नाहीत का?" असे म्हटले की कोणता मुलगा नाही म्हणेल? काही वर्षांपूर्वी एक मुलगा महिनाभर रात्री 1 वाजेपर्यंत आमच्याबरोबर वर्गणीची पावती पुस्तके घेऊन फिरला. मिरवणूक झकास झाली. तो नापास झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो नाही, कारण काय बोलायचे ते सुचले नाही. आज तो कुरिअर वाटतो. रस्त्यात भेटला की हसून जयभीम घालतो आणि आम्ही खाली बघतो.

या वर्षी कमिटीत ठराव केला की ज्यांची परीक्षा आहे त्या मुलामुलींना 15 मार्चनंतर वर्गणीला न्यायचे नाही. जयंतीच्या दिवशी त्यांनी यावे, अभिवादन करावे, जेवावे आणि घरी जावे. दोन ज्येष्ठ नाराज आहेत. चळवळ कोण चालवणार, असे ते विचारतात. वर्गणी आम्ही चाळिशीतल्यांनी मागावी, गुडघे दुखतात ते दुखू द्यावेत, असे आमचे उत्तर आहे.

कागदपत्रांचाही एक शब्द. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे आधार जोडणे, कॉलेजची सही, यात मुलांचे ऐन अभ्यासाचे दिवस रांगेत जातात. ही रांग आईबापांनी किंवा कमिटीच्या माणसाने लावावी. जे दाखले सुट्टीत निघू शकतात ते सुट्टीतच काढून फाईलला लावावेत. परगावी शिकणाऱ्या आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिचीही चौकशी वेळेवर करावी.

राहता राहिले अवांतर वाचन. अभ्यास वाढला की पहिला बळी याचाच जातो, आणि पदवी हातात आली तरी पुस्तक हातात येत नाही. आमच्या मुलीने, म्हणजे त्या ताईंच्या मुलीने, आता आम्ही तिला आमचीच म्हणू लागलो, यासाठी लोकलमधला वेळ धरला आहे. जाता-येता वीस-वीस मिनिटे. उभी असली तर नाही, बसायला मिळाले तर वाचते. दिवसाला दहा पाने झाली तरी अडीचशे पानांचे पुस्तक पंचवीस दिवसांत होते. या महिन्यात तिने एक आत्मचरित्र संपवले आणि शेजारी बसणाऱ्या एका नर्स बाईंना वाचायला दिले. पुस्तक विहाराच्या कपाटातले होते, त्यामुळे मावशी रागावल्या आहेत. नोंदवहीत नाव नाही, म्हणतात.

तिची केटीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. पॅकिंगच्या कंपनीचा विषय तूर्त थांबला आहे, संपलेला नाही. निकालावर बघू, असे बाबा म्हणतात.

परवा मंगळवारी रात्री सव्वादहाला आम्ही विहारावरून चाललो होतो. बाबा पायरीवर बसले होते, चपला शेजारी काढून. आम्ही म्हटले, "उशीर झाला की. बोलावू का तिला?" त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवले. म्हणाले, "नको भाऊ. तिचा ताळेबंद जुळत नाहीये, अकराशेचा फरक येतोय. बसू दे जरा."